मीटरकाका आणि वरचा माणूस

वखार होती तोवर मीटरकाकांच्या संसारात काही उणं नव्हतं.

घराच्या मागच्या अंगाला लाकडांची मोठी वखार होती, आणि तिच्याकडे बघण्यासारखं काहीही नव्हतं. हाच तिचा मोठेपणा. ओंडके पडलेले असत, करवत किरकिरत असे, आणि घरातलं माणूस गच्चीवर गेलंच तर कपडे वाळत घालून मुकाट्याने खाली येत असे. मग वखारवाल्याच्या मुलांनी वखार विकली. ओंडके गेले, करवत गेली, चारी बाजूंनी निळे पत्रे उभे राहिले आणि पत्र्यांवर एक हसरं कुटुंब रंगवलं गेलं. आई, बाप, दोन मुलं आणि एक कुत्रा, पाचही जण हसताहेत. एवढं हसू येण्यासारखं तिथे काय आहे ते गल्लीत कुणालाच कळेना, कारण पत्र्यांच्या आत नुसता खड्डा होता. गल्लीने खड्ड्याला नावं ठेवली, धुळीला शिव्या घातल्या आणि खिडक्या लावून घेतल्या.

मग खड्ड्यातून क्रेन उगवली. पिवळी, उंच, आणि डोक्यावर हा एवढा लांबलचक आडवा दांडा. दांड्याच्या मुळाशी काचेची एक खोली, आणि त्या खोलीत म्हणे एक माणूस. सकाळी शिडीने वर चढायचा तो संध्याकाळीच खाली उतरायचा. गल्लीने दोन दिवस मान वर करून बघितलं, मान दुखल्यावर सोडून दिलं. मान वर ठेवली ती फक्त एका व्यक्तीने. ती मीटरकाकांची बायको निघाली, हा काकांच्या नशिबाचा भाग.

मीटरकाका हे काही त्यांचं बारशाचं नाव नव्हे. उभा जन्म त्यांनी वीज कंपनीत मीटर वाचण्यात घालवला होता. लोकांच्या जिन्याखाली, कोळशाच्या खोलीत, दाराच्या मागे वाकून वाकून त्यांच्या पाठीला बाक आला होता आणि नजरेला धार. घरात पंखा गरगर फिरतोय आणि मीटरची चकती मात्र ध्यानाला बसलीय, असं दिसलं की काका ओरडत नसत. ते वळून घरमालकाला अतिशय मायेने विचारत, “काय, सगळं ठीक ना?” या प्रश्नापुढे भलेभले हात जोडून कबूल झाले होते. कुठे पाणी मुरतंय हे काकांना वासावरून कळे, असं कंपनीत बोललं जाई. निवृत्त झाल्यावर आता बायकोकडे निवांत लक्ष द्यायचं, असं त्यांनी पक्कं ठरवलं होतं. बायकोला विचारायचं तेवढं राहून गेलं होतं.

निवृत्तीनंतर घरात बसल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की काकूंचा दिवस भरगच्च आहे आणि त्यात त्यांच्यासाठी कुठे फट नाही. ते मागे मागे फिरू लागले तर काकू म्हणाल्या, “अहो, पायात येताय.” मग ते आरामखुर्चीत बसले. तिथून त्यांना एक दिवस तो भोंगा ऐकू आला.

भोंगा क्रेनचा होता. दोनदा वाजला. पहिला लांब, दुसरा आखूड, अगदी लाडात आल्यासारखा. काकू स्वयंपाकघरात काहीतरी निवडत होत्या. त्यांनी हातातलं टाकलं आणि भराभर जिना चढून गच्चीवर गेल्या. थोड्या वेळाने खाली आल्या आणि पुन्हा निवडायला बसल्या. चेहरा कसा, तर काम झाल्यासारखा समाधानी.

“कुठे गेली होतीस?”

“वर.”

“कशाला?”

“कपडे.”

काकांनी मान डोलावली. कपडे सकाळीच घडी होऊन कपाटात गेले होते, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं.

तासाभराने पुन्हा भोंगा. पुन्हा काकू वर. त्या वेळी काकाही चप्पल न घालता जिना चढले आणि गच्चीच्या दाराच्या फटीतून बघू लागले. काकू गच्चीच्या मधोमध उभ्या होत्या, तोंड क्रेनकडे, आणि त्यांनी उजवा हात सरळ वर केला होता. वरच्या काचेच्या खोलीतून तांबड्या फडक्याचा एक झटका बाहेर आला आणि आत गेला. बस्स. दांडा डौलात वळला आणि काकू दाराकडे वळल्या. काका दोन-दोन पायऱ्या उतरून खुर्चीत येऊन पडले आणि त्यांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

“उलटा धरलाय पेपर,” काकू जाता जाता म्हणाल्या.

त्या रात्री जेवताना काकांनी आपलं ठेवणीतलं हत्यार काढलं. आवाजात सगळी माया आणून त्यांनी विचारलं, “काय, सगळं ठीक ना?”

“ठीक नसायला काय झालंय?” काकू म्हणाल्या. “मोरीतला नळ तेवढा गळतोय. बसल्या बसल्या तो बघा.”

आजवर हा प्रश्न कुणाच्या अंगाला लागला नाही असं कधी झालं नव्हतं. काका मनातून हादरले.

दुसऱ्या दिवशी ते चष्मेवाल्याच्या दुकानात गेले. चष्मेवाला त्यांचा शाळेपासूनचा मित्र. जगात त्याच्याइतका खोचक माणूस नसेल, पण त्याच्याकडे दुर्बीण होती.

“दुर्बीण कशाला हवीय तुला?”

“पक्षी बघायचेत.”

“कसले पक्षी?”

“आहे एक. पिवळा.”

“चोच लांब आहे का रे त्याची? आडवी?” चष्मेवाल्याने भिंग पुसता पुसता विचारलं. “आणि दिवसातून चार-पाच वेळा ओरडतो? मग तो आमच्या दुकानातूनही दिसतो. बरं, त्याला खायला-प्यायला कोण घालतं म्हणे?”

“म्हणजे?”

“काही नाही बाबा. घेऊन जा दुर्बीण. फक्त बघून झाल्यावर चष्म्याचा नंबर काढायला ये. माणसाला जवळचं दिसत नसलं की तो लांबचं बघायला लागतो.”

खायला-प्यायला कोण घालतं, हा प्रश्न काकांच्या कानात खड्यासारखा राहिला. घरी येऊन त्यांनी मागच्या खोलीच्या खिडकीत ठाण मांडलं. दुर्बिणीत आधी आभाळ आलं, मग एक कावळा आला, मग एकाएकी ती काचेची खोली डोळ्यांसमोर येऊन उभी राहिली. एक केसाळ मनगट दिसलं. तांबडं फडकं दिसलं. आणि त्या फडक्याशेजारी, काचेला टेकून, निळ्या रंगाचा थर्मास. झाकणाला डाव्या बाजूला पोचा.

तो पोचा काकांनी स्वतः पाडलेला होता.

त्या थर्मासवर त्यांचं किती प्रेम होतं म्हणून सांगावं! मीटर वाचत फिरायचे तेव्हा तो त्यांच्या खांद्याला असायचा. निवृत्तीनंतर त्यांनी विचारलं होतं, तेव्हा काकूंनी “गळतोय तो, माळ्यावर टाकलाय” असं सांगून विषय मिटवला होता. आता तो गळका थर्मास बारा-तेरा मजले उंच बसून परक्या माणसाला गरमागरम चहा पाजत होता.

“आपला थर्मास कुठे आहे गं?” त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

“कशाला हवाय?”

“असाच.”

“घरात बसलेल्या माणसाला थर्मास कशाला लागतो? गॅस तिथे, चहा तिथे.” उत्तर बिनतोड होतं. फक्त ते त्या प्रश्नाचं नव्हतं.

मग काकांनी पाळतच ठेवली. दुपारी काकू पिशवी घेऊन बाहेर पडत, निळ्या पत्र्यांच्या फाटकापाशी वॉचमनच्या हातात काहीतरी देत, त्याच्याशी हसून दोन शब्द बोलत आणि परत येत. पण खरा घाव संध्याकाळी बसला. काम सुटलं, क्रेनवाला उतरून गेला, आणि काका गच्चीवर फेऱ्या मारायला गेले. बघतात तर क्रेनचा तो लांब दांडा थेट त्यांच्या घरावर रोखलेला. टोक बरोबर त्यांच्या झोपायच्या खोलीवर. योगायोग असेल म्हणून त्यांनी दुसऱ्या दिवशी बघितलं. पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. एवढी मोठी वस्ती, एवढ्या गल्ल्या, आभाळाला चारी दिशा मोकळ्या, आणि हा माणूस जाताना दांडा ठेवून जातो तो आमच्याच घराकडे! लोक चिठ्ठ्या पाठवतात, फुलं पाठवतात. याने अख्खं लोखंड पाठवलं होतं.

त्या रात्री काकांनी पलंग दुसऱ्या भिंतीला सरकवला.

“हे काय नवीन?” काकू म्हणाल्या.

“इथे वारा येतो.”

“आधी होता तिथे येत नव्हता?”

“तिथे नको तो येतो,” काका म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

पडल्या पडल्या त्यांनी त्या माणसाला मिशा दिल्या. उंची दिली. रुंद छाती दिली आणि ओठांवर शीळ दिली. चाळिशीच्या आतला असणार, त्यांनी ठरवलं, आणि स्वतःच ठरवलेल्या वयाचा त्यांना भयंकर राग आला. आपण जन्मभर जिन्याखाली वाकून काम केलं. कुणी वर बघावं असं काम आपल्या वाट्याला आलंच नाही. आपल्या जाण्यायेण्यावर हिने कधी असा ताठ हात वर केला होता? आपण निघालो की हिचं एकच, “येताना कोथिंबीर.” आणि तिकडे? तिकडे नुसता भोंगा वाजला की जिन्यावर पावलं वाजतात. तिच्या मनात आपल्यासाठी एक हात तरी वर होतो की नाही, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. आणि ते जाणून घ्यायला त्या माणसाला समोरून बघणं भाग होतं.

पण वर जायचं कसं? त्याचा मार्ग पत्र्यावरच्या हसऱ्या कुटुंबाने दाखवला. खाली लिहिलं होतं : फ्लॅट पाहण्यासाठी आत या.

दुसऱ्या दिवशी काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि ते विक्रीच्या ऑफिसात जाऊन बसले. आत थंडगार, काचेच्या पेटीत इमारतीचा छोटा नमुना, त्यात काडीएवढी झाडं आणि मुंगीएवढी माणसं. काकांनी वाकून बघितलं. नमुन्यात त्यांचं घर नव्हतं. त्या जागी हिरवळ दाखवली होती. एरवी यावरून त्यांनी महाभारत केलं असतं, पण आज त्यांचं लक्ष दुसरीकडे होतं.

“यात क्रेन नाही दाखवली?” त्यांनी विचारलं.

“क्रेन राहणार नाही ना काका,” विक्रीवाली मुलगी हसून म्हणाली. “इमारत झाली की काढून नेतात.”

“कधी?”

“तुम्ही राहायला येण्याच्या आत.”

“मला क्रेनच्या जवळचा फ्लॅट बघायचाय. आत्ता. वरचा.”

मुलगी असे पुष्कळ काका बघून तयार झालेली होती. तिने त्यांच्या डोक्यावर पिवळं हेल्मेट चढवलं, एका सुपरवायझरला बोलावलं आणि इमारतीच्या अंगावरून वरखाली करणाऱ्या जाळीच्या लिफ्टमध्ये दोघांना घालून दिलं. लिफ्ट खडखडत वर निघाली तशी काकांनी जाळी घट्ट धरली. पायाखालून गल्ली लहान लहान होत गेली. चष्मेवाल्याचं दुकान काडेपेटीएवढं झालं तेव्हा त्यांना क्षणभर बरं वाटलं.

वरचा मजला म्हणजे नुसती ओलसर फरशी आणि उभे गज. फरशीच्या कडेला जाळीचा छोटा पूल, आणि पुलापलीकडे क्रेनचा खांब. सुपरवायझरला खालून कुणी हाक मारली म्हणून तो “इथंच थांबा, कडेला जाऊ नका” असं बजावून पलीकडे गेला. त्याच वेळी त्या पुलावरून एक माणूस कमरेवर हात ठेवून हळूहळू अलीकडे आला. ठेंगणा, ढेरपोट्या, डोक्याला चकचकीत टक्कल, कमरेला पाठदुखीचा रुंद पट्टा. खांद्यावर तांबडं फडकं, काखेत निळा थर्मास.

काका बघतच राहिले. एवढ्या मिशा फुकट गेल्या होत्या.

“अरे!” तो माणूस ओरडला. “काका! तुम्ही? एवढ्या जवळून पहिल्यांदाच बघतोय तुम्हाला!”

“तुम्ही मला ओळखता?” काकांनी शक्य तितका थंड आवाज काढला.

“म्हणजे काय? रोज बघतो की. सकाळी फेऱ्या मारता, दहाव्या फेरीला दमता आणि विसावी झाली असं खाली जाऊन सांगता, वॉचमनकडून कळतं सगळं. टाकीमागे डबा आहे तुमचा बिस्किटांचा. साखर बंद केलीय ना काकूंनी?” त्याने आवाज उगाचच हळू केला. “मी नाही सांगितलं हो. आपलं काम फक्त वळवायचं आणि उचलायचं. चुगल्या करायचं नाही.”

काका भांडायला आले होते. बिस्किटांच्या डब्यावर ते अडखळले. मग एकदम सगळं बाहेर पडलं. “तुमचा तो दांडा संध्याकाळी आमच्या घराकडे का असतो?”

“दांडा?” क्रेनवाला हसला. “मी कुठे ठेवतो? जाताना त्याचा ब्रेक सोडून जातो. मोकळा असला की वारा नेईल तिकडे फिरतो. घट्ट बांधून गेलो आणि वारा भरला तर अख्खी क्रेन आडवी होईल. या दिवसांत वारा इकडून तुमच्या घराकडे वाहतो, त्याला मी काय करू?”

काकांनी दूर बघितलं. धुराच्या दोन रेघा, वाळत घातलेली एक चादर, झाडांचे शेंडे, सगळंच त्यांच्या घराकडे कललेलं होतं.

“आणि भोंगा?”

“तो नियमच आहे. मालाची बकेट तुमच्या गच्चीच्या कोपऱ्यावरून न्यावी लागते. खाली माणूस नको. गच्ची दिसते मला, पण तुमच्या पत्र्याच्या शेडखाली कोण आहे ते वरून दिसत नाही. म्हणून एक सिग्नलवाला ठेवला होता, तो झोपायचा. दुसरा ठेवला, तो मोबाईल बघायचा. एकदा काकूंच्या धुतलेल्या चादरींवर सिमेंटचं पाणी सांडलं. काकू आल्या फाटकावर. बापरे! साहेबांना असं धारेवर धरलं की साहेब हेल्मेट काढून उभे होते. शेवटी काकू म्हणाल्या, तुमच्या माणसांवर माझा भरवसा नाही, तुम्ही भोंगा द्या, मी स्वतः बघते आणि हात करते. काकूंचा हात वर झाला की गच्ची मोकळी. झाला नाही तर मी तासभर लोंबकळत राहीन, पण नेणार नाही.” तो थर्मास कुरवाळत म्हणाला, “एक दिवस चुकल्या नाहीत. चहा आपला त्यांचा चांगुलपणा. झाकण जरा गळतं, पण मी वरून फडकं गुंडाळतो.”

काकांचा जीव भांड्यात पडला. पण भांडं हललं. म्हणजे प्रेम-बिम काही नव्हतं. होतं ते त्याहून वाईट होतं. तिच्या एका हातावर ही अजस्र क्रेन हलत होती, साहेब हेल्मेट काढत होता, आणि हे सगळं अख्ख्या जगाला ठाऊक होतं, घरात बसलेल्या माणसाला सोडून. निवृत्त झाल्यापासून काकांच्या शब्दावर घरातला पंखासुद्धा सुरू झाला नव्हता.

“चला, माल भरला,” खाली बघून क्रेनवाला म्हणाला. तो पूल ओलांडून काचेच्या खोलीत जाऊन बसला आणि त्याने भोंगा दिला. पहिला लांब, दुसरा आखूड. मग काच सरकवून तो ओरडला, “काका, काकू हात करतील. आज तुम्हीच उत्तर द्या! माझा खांदा धरलाय.” आणि त्याने तांबडं फडकं पुलावरून फेकलं.

काका कठड्याच्या जाळीला धरून उभे राहिले. खूप खाली, पोस्टाच्या तिकिटाएवढी त्यांची गच्ची. तिच्या दारातून एक ठिपका बाहेर आला. ठिपक्याने शेडखाली वाकून बघितलं. टाकीला वळसा घातला. शेजारच्या गच्चीतल्या कुणाला तरी हाकलल्यासारखं केलं. मग तो मधोमध येऊन उभा राहिला आणि त्याचा हात सरळ वर गेला.

तो हात बघून काकांचं भान हरपलं. आपण कोण, कुठे, कशासाठी आलो, सगळं विसरून त्यांनी फडकं डोक्यावर गरगर फिरवलं. डावीकडे फिरवलं, उजवीकडे फिरवलं, दोन्ही हातांनी फिरवलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणी त्यांच्याकडे बघून हात वर केला होता. ते “अगं! अगं!” असं ओरडतही होते, पण ते वाऱ्याने परस्पर पळवलं.

“अहो काका, बस! एक झटका फक्त!” क्रेनवाला किंचाळला. “असं फिरवलं म्हणजे घात झाला असा अर्थ होतो!”

खाली ठिपका क्षणभर थिजला. त्याने दोन्ही हात डोक्यावर आडवे धरले, थांबा, थांबा, आणि मग तो पळाला. दारातून नाहीसा झाला, गल्लीत उगवला, आणि गल्लीतून फाटकाकडे धावत सुटला. एवढ्या वर्षांत काकांनी बायकोला धावताना बघितलं नव्हतं. ती कुणासाठी धावतेय हे ध्यानात आलं आणि फडकं तिथेच टाकून ते लिफ्टकडे निघाले.

फाटकात काकू उभ्या होत्या. धापा टाकत, एका पायात चप्पल, दुसरी कुठेतरी वाटेत. लिफ्टचं दार उघडलं आणि पिवळं हेल्मेट घातलेला नवरा बाहेर आला.

“तुम्ही?” काकू म्हणाल्या. आणि लगेच त्यांच्या खांद्यावरून वर बघत, “त्याला काय झालं? बरा आहे ना तो? चक्कर आली का? मी म्हटलं होतं, उपाशी राहू नकोस म्हणून.”

आपल्या वाट्याला एक शब्द आला आणि त्याच्या वाट्याला चार वाक्यं, याची काकांनी मनात नोंद केली.

“बरा आहे,” ते म्हणाले. “फडकं मी फिरवलं.”

काकूंनी आधी हेल्मेटकडे बघितलं, मग शर्टाच्या इस्त्रीकडे. “तुम्ही वर काय करत होतात?”

“फ्लॅट बघत होतो.”

“कुणासाठी?”

काकू चप्पल शोधत पुढे निघाल्या, काका मागे. वाटेभर काकूंच्या तोंडाचा पट्टा चालू होता. “जीव गोळा झाला माझा! हात असा करतात होय? पंख्यासारखा? आणि त्या कडेला उभे! पाय घसरला असता म्हणजे? या वयात?”

“मला सांगितलं का नाहीस पण? हे सिग्नलचं?”

“सांगितलं नाही? चादरी खराब झाल्या त्याच दिवशी सांगितलं. तुम्ही पेपर वाचत होतात. हं म्हणालात.”

“मी हं म्हणालो?”

“तीनदा.”

दुसऱ्या दिवशी दुपारी काकांनी चहा केला. हे वाक्य वाचायला सोपं आहे, पण घडायला फार जड गेलं. साखरेचा डबा सापडला तर गाळणी सापडेना, गाळणी सापडली तोवर अर्धा चहा ओट्यावर. उरला तो दोन कपांत ओतून ते जिना चढले. काकू गच्चीवर शेडच्या सावलीत बसल्या होत्या. त्यांनी कप बघितले, नवऱ्याकडे बघितलं आणि बाजूची घडवंची पायाने पुढे सरकवली.

“काय मोडलंत?” त्यांनी विचारलं.

“काही नाही.”

“मग कशाबद्दल हा चहा?”

काका बसले. पहिला घोट घेतात न घेतात तो भोंगा वाजला. काकूंनी कप खाली ठेवला, गुडघ्यावर हात टेकून त्या उठू लागल्या.

“थांब ना,” काका म्हणाले.

“अहो, बकेट लटकतेय.”

“लटकू दे.”

“खाली माणसं खोळंबतील.”

“खोळंबू देत. तो वाजवतो आणि तू उठतेस. चहा त्याला, थर्मास त्याला, धावायचं त्याच्यासाठी. मी वर गेलो होतो तो फ्लॅट बघायला नाही. त्याला बघायला गेलो होतो.”

काकूंनी त्यांच्याकडे निरखून बघितलं. ओठांचा एक कोपरा हलला. “म्हणजे पलंग सरकवला तो... दुर्बीण आणली ती... अहो, जळता की काय तुम्ही त्याच्यावर?”

मीटरवरचा आकडा वाचून दाखवावा तसं काका म्हणाले, “हो. जळतो.”

“त्या टकल्यावर?”

“टक्कल मला काल कळलं. त्याच्या आधी पुष्कळ जळून झालं होतं. आता टकलासकट जळतो.”

काकू हसल्या. आधी कप हिंदकळेल म्हणून आवरून हसल्या, मग कप बाजूला ठेवून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. काका तोंड फुगवून त्यांचं हसणं संपायची वाट बघत राहिले. वर भोंगा पुन्हा वाजला, या वेळी जरा विचारल्यासारखा.

काकू उठल्या. काकांनी मान खाली घातली. सावलीतून निघून काकू उन्हात गेल्या, गच्चीच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि त्यांनी हात वर केला. पण सरळ नव्हे. तळवा पुढे करून, बोटं मिटून, वाहनं अडवणाऱ्या पोलिसासारखा. थांब. तसाच तो हात त्यांनी पुरेसा वेळ धरला, वरच्या काचेला नीट दिसेल असा, आणि मग त्या परत येऊन काकांच्या शेजारी बसल्या.

“घ्या,” त्या म्हणाल्या. “प्या आता सावकाश. साखर का घातलीत हो एवढी?”

वर बकेट जागच्या जागी थांबली. दांडा थांबला. काचेतून फडक्याचा एकच नेमका झटका आला, कळलं म्हणून, आणि सगळं काम कसं बिनतक्रार उभं राहिलं. काका बघत राहिले. काय पटकन थांबला! एक शब्द नाही, कुरकुर नाही. आपल्याला ही थांबा म्हणाली की आपण आधी का म्हणून विचारतो. हा विचारतही नाही. एवढा आज्ञाधारक माणूस आपल्या बायकोच्या बघण्यात असावा, हे काही बरं नव्हे.

त्यांच्या पोटात पुन्हा बारीकसं दुखू लागलं. त्यांनी चहाचा आणखी एक घोट घेतला, जमेल तितका छोटा.